विकत आणलेला अंधार

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की उजेडासाठी लाईटबिल भरणारे लोक तिने पाहिलेत, पण अंधार विकत आणायला एस.टी.ने संभाजीनगरला जाणारा माणूस तिच्याच नशिबी यायचा होता. हे बोलताना ती हसत नाही, म्हणून नवख्या माणसाला वाटतं की आमचं भांडण चाललंय. भांडण नव्हतं. मला खरोखर अंधार पाहिजे होता, काळा म्हणजे काळाकुट्ट, आणि घरातल्या जुन्या मॉनिटरमध्ये तो मिळत नव्हता.

धाड ते चिखली या रस्त्यावर मी वर्षानुवर्षं काळीपिवळी जीप चालवली. माणसं आत, माणसं मागच्या पायरीवर, टपावर पोती आणि पोत्यांवर एखादी बकरी. कुठे खड्डा आहे, कोणत्या पुलाचा कठडा तुटलाय, कोणत्या वळणावर कोणाची म्हातारी हात दाखवते, सगळं पाठ होतं. समोर डॅशबोर्डवर देवीचा तळहाताएवढा फोटो, पितळी चौकटीत, आणि त्याला एक बारका लाल बल्ब. देवीला हात जोडल्याशिवाय मी कधी चावी फिरवली नाही. आमच्या लाईनीत कोणीच फिरवत नाही. गाडीचे कागद घरी राहिले तर काहीतरी मार्ग निघतो, पण देवी नसेल तर गाडी जागची हलत नाही.

एका संध्याकाळी परतीच्या खेपेला गाडी रिकामी होती आणि अंधार पडून गेला होता. तुरीच्या वावरातून एकदम रोही रस्त्यावर आलं. रोही म्हणजे नीलगाय. नाव गाईचं आणि अंग घोड्याचं. मी स्टेअरिंग वळवलं, जीप नाल्यात गेली आणि माझा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. रोही मात्र निघून गेलं. त्याचा मला आजही राग आहे, हसायचं तर हसा. जीप भंगारात गेली. लोकांनी तिच्यातला डबा, घोंगडी, टॉर्च घरी आणून दिला, पण देवी काही आली नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "काचेसंगं फुटली असन." मी पुन्हा विचारलं नाही.

घर चालवायला बायकोने हळद आणि तिखट विकायला घेतलं. कांडपावर स्वतः उभी राहून दळून आणायची, आणि आठवडी बाजार करायची. धाडचा बाजार तर होताच, शिवाय आजूबाजूच्या गावांचे. जायची लोकांच्या जीपमध्ये. पोतं टपावर, आणि ती मागच्या पायरीजवळ अर्धी आत, अर्धी बाहेर. मी दारात कुबडी घेऊन उभा. तिला न्यायला येणारे ड्रायव्हर माझ्याच हाताखाली शिकलेले. "येतो हो काका," म्हणायचे आणि माझ्या बायकोला घेऊन जायचे. पाय गेल्याचं दुःख मी गिळलं, पण हे काही गिळता आलं नाही.

म्हणून ठरवलं. परत गाडी चालवायची, आणि तिला बाजाराला मीच न्यायचं. चिखलीत एक मेकॅनिक आहे, तो ऑटोमॅटिक गाडीला हाताने चालवायची दांडी बसवून देतो; त्याच्याकडचीच एक जुनी गाडी हप्त्यावर ठरवली. दांडी पुढे ढकलली की ब्रेक, खाली दाबली की गाडी पळते. लायसनसाठी बुलढाण्याच्या चकरा मारल्या, डॉक्टरांपुढे उभा राहिलो, नकली पाय काढून दाखवला, परत लावून दाखवला. दिवसाउजेडी गाडी चालवून पासही झालो. वाटलं, जिंकलं.

गाडी घरी आणायच्या आधी मेकॅनिकला शेजारी बसवून एकदा दिवेलागणीला निघालो. हेडलाईट लावले. दोन्ही बाजूंचा अंधार काचेजवळ आला आणि माझ्या हातांचं लाकूड झालं. ब्रेकची दांडी मी गच्च धरून बसलो, ती सुटेचना. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. मागून ट्रकवाला आईबहिणीवरून बोलून गेला. शेवटी मेकॅनिकने मला पलीकडच्या सीटवर सरकवलं आणि घरी सोडलं; गाडी त्याच्याकडेच राहिली. त्याने बायकोला काही सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण त्याने सांगितलं.

बायको ओरडली नाही. तिने मला जेवायला वाढलं आणि मग म्हणाली, "तुम्ही गाडी चालवा, मी नाई म्हणत नाई. पण मी त्याच्यात बसणार नाई. बजार उठते दिवेलागणीले, येतानी अंधारच राह्यते. तवा तुमचे हात कामातून गेले तं मी काय करू? मले आधी दाखवा, रोही समोर आलं तरी तुमचे हात जाग्यावर राह्यते म्हून. मंग बसन."

आता हे कुठे दाखवायचं? रोही काय निरोप पाठवून येतं?

आमची पोरगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. डोकं तिच्या आईवर गेलंय, म्हणजे हुशारही आणि गरमही. तिच्या कानावर गेलं तशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गेम खेळा." मी म्हटलं, मी काय लेकरू हाय का? ती म्हणाली, "गाडी चालवायचा गेम आहे. स्टेअरिंग मिळतं, हाताने ब्रेक दाबायची पाती मिळतात. रस्ता तुम्हीच निवडायचा, वेळ तुम्हीच निवडायची. रात्र करा आणि चालवा." तिने स्वतःचा जुना कॉम्प्युटर, जुना मॉनिटर आणि नवं स्टेअरिंग घेऊन दिवाळीत सगळं मांडून दिलं.

आणि गंमत बघा, मी पहिल्याच दिवशी रात्र लावून मैलच्या मैल चालवलं. हात ठीक. दुसऱ्या दिवशी ठीक. बायकोला हाक मारणार, तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की मी रात्री चालवतच नाहीये. पडद्यावरचं आभाळ काळं नव्हतं, राखाडी होतं. चुलीतली राख पसरल्यासारखी ती रात्र, आणि तिच्यामागे कोणी टॉर्च धरून बसल्यासारखा उजेड. अशा रात्रीला कोण भिणार? आमच्या गावची बकरीसुद्धा भिणार नाही.

पोरीने समजावून सांगितलं. साध्या मॉनिटरमध्ये मागे दिवा असतो आणि तो सतत चालूच असतो. काळं दाखवायचं तर तो दिवा झाकायचा, आणि झाकलेल्या दिव्याची धग थोडी तरी बाहेर येतेच. दुसरा प्रकार म्हणजे ओएलईडी. त्यात मागे दिवाच नाही, पडद्याचा प्रत्येक टिपका आपापला पेटतो आणि आपापला विझतो. काळा म्हणजे विझलेला. गेम खेळणारे तोच घेतात. "पण महाग आहे बाबा, आणि फार जपावं लागतं. एकच चित्र एका जागी फार वेळ राहिलं तर त्याचा डाग पडतो. बर्न-इन म्हणतात. पडला की कायमचा."

"तुझी माय एकच गोष्ट वर्षानुवर्षं धरून बसते, तिच्यावर तं काई डाग पडला नाई," मी म्हटलं.

"मी आयकून राह्यली बरं का," आतून आवाज आला.

पैसे थोडे पोरीने घातले, थोडे भंगारातल्या जीपचे होते. मग सुरू झाली तुलना. पोरगी रोज मोबाईलवर व्हिडिओ पाठवायची. एका माणसाने जो मॉनिटर डोक्यावर घेतला, तोच दुसऱ्याने पायदळी तुडवलेला असायचा. याचा उजेड जास्त, त्याचा पडदा चटकन ओरखडतो, याची वॉरंटी डागाला लागू, त्याची नाही. माझ्या डोक्याचा भुगा झाला. जीप घेताना मी असे कागद कधी वाचले नव्हते. मी बॉनेट उघडायचो, कान लावायचो, चढावर घालायचो. मी पोरीला सांगितलं, डोळ्याने पाहिल्याशिवाय घेणार नाही. आणि कुबडी घेऊन एस.टी.त बसलो.

संभाजीनगरच्या दुकानात दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावलेले होते. एक आरशासारखा चमकणारा, दुसरा खरबरीत, चमक घालवलेला. दोन्ही ओएलईडी, पण जात वेगळी. दुकानातला माणूस मला फुलं दाखवू लागला. मग पोपट. मग परत फुलं. चमकणाऱ्या पडद्यातला पोपट इतका हिरवा होता की खरा पोपट पाहून लाजला असता. मी पोरीने दिलेला पेनड्राईव्ह खिशातून काढला आणि म्हटलं, "पोपट राहू द्या. हे लावा." त्यात नुसता रात्रीचा रस्ता होता.

दुकानातल्या ट्यूबलाईटखाली चमकणाऱ्या पडद्यावरची रात्र जांभळट दिसायला लागली, बरेच पावसाळे खाल्लेल्या काळ्या छत्रीसारखी. खरबरीत पडद्यावर रात्र काळीच राहिली. त्याच्यावर अक्षरं जरा लव आल्यासारखी पुसट दिसत होती, रंगही नरम होते. मी म्हटलं, लाईट घालवा. तो म्हणाला, "काका, दुकानातले लाईट कसे बंद करणार?" मग मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, एक टोक डोक्यावर घेतलं, दुसरं मॉनिटरवर टाकलं आणि आत तोंड घातलं. लग्नातला जुना फोटोवाला काळ्या कापडात शिरायचा तसा. लोक पाहत असतील तर पाहोत.

दुपट्ट्याखाली दोन्ही पडदे सारखेच काळे. आणि असे काळे, की रस्त्याची कडच दिसेना. फक्त हेडलाईटचा उजेड पडेल तेवढा रस्ता, त्याच्या पलीकडे काही नाही. माझा कुबडीवरचा हात ताठ झाला. मानेवर घाम आला. बाहेर यायची घाई झाली, तरी मी मुद्दाम आत थांबलो. माल खरा होता.

पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, चमकणारा घ्या. खोली अंधारी केली की काळा दोन्हीत एकच, आणि रंग त्याचे भारी."

"खोली अंधारी होते का आपली? टिनाच्या अन् भिंतीच्या मधातली फट तू इसरली. तिथून दिवसभर ऊन येते. अन् रंगाचं मी काय करू? मले कोणता पोपट ओळखाचा हाय?"

खरबरीत घेतला. गोधडीत गुंडाळून एस.टी.त मांडीवर धरून आणला. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे, टीव्ही का? मी हो म्हटलं. अंधार आहे म्हणून सांगितलं असतं तर ती उठून दुसरीकडे बसली असती.

रोज दुपारी जेवण झालं की मी खिडकी लावायचो, फटीत रिकामी पोती कोंबायचो आणि बसायचो. पहिल्या दिवशी हात ताठ झाले. दुसऱ्या दिवशीही झाले. मग हळूहळू जमायला लागलं, आणि आठवडाभरात इतकं छान जमलं की मला संशय आला. जी गोष्ट दुकानात दुपट्ट्याखाली जमली नाही, ती घरी एवढ्या लवकर कशी? पोरीला मॉनिटरच्या सेटिंगचा फोटो पाठवला. तिने शोधून काढलं. गेम खेळणाऱ्यांना अंधारात लपलेला शत्रू दिसावा म्हणून काळोख थोडा उजळ करायची एक सोय असते, ती आमच्या मॉनिटरमध्ये आधीपासून चालू होती. झाडांच्या सावल्या, रस्त्याची कड, सगळं अलगद वर उचललेलं.

"राहू द्या ना बाबा, मदतच होते," पोरगी म्हणाली.

"धाडच्या रोडवर हे बटन कुठी हाय? सांग बरं."

मी ते बंद केलं. रात्र धाडकन खाली पडली, आणि हात परत लाकूड. सगळी कमाई गेली. त्या दिवशी मी खुर्चीत बसून रडलो, कोणापासून लपवायचं काय त्यात. पण ते बटन पुन्हा चालू केलं नाही. खोटं जमलेलं काय कामाचं? माझ्या बायकोला मी खऱ्या गाडीत बसवणार होतो.

उजेडाचंही शिकावं लागलं. सुरुवातीला मी मॉनिटरची ब्राइटनेस शेवटपर्यंत चढवून ठेवली होती. समोरून येणाऱ्या ट्रकचा लाईट डोळ्यात सुईसारखा घुसायचा. आणि दिवसाचा रस्ता लावला, की आभाळ मोठं दिसताच सगळा पडदा आपोआप मंद व्हायचा. जुन्या जीपचा डायनामो गेला की गाडी उभी असताना हेडलाईट पिवळे पडायचे, अगदी तसं. मी म्हटलं, गेला वाटतं, फसवलं दुकानदाराने. पोरगी म्हणाली, बिघाड नाही, तो स्वतःला जपतो. सगळेच टिपके एकदम पेटवायचे तर तापतील, म्हणून उजेड वाटून देतो. तिने फोनवरून सांगत सांगत सगळीकडे एकसारखा उजेड राहील अशी सेटिंग करवून घेतली आणि ब्राइटनेस निम्म्याच्या खाली आणली. "जेवढा कमी उजेड, तेवढं पडद्याचं आयुष्य जास्त," ती म्हणाली. पहिले दोन दिवस काहीच दिसल्यासारखं वाटेना. मग डोळे सरावले. खऱ्या रस्त्यावरही डोळे असेच सरावायचे, हे मी विसरलो होतो.

एक गोष्ट मात्र मी पोरीला सांगितली नव्हती. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे जीपमध्ये देवी असायची त्या जागी, मी गल्लीतल्या एका पोराकडून देवीचा फोटो लावून घेतला होता. गेमच्या वर तरंगत राहील असा. तिथे देवी दिसल्याशिवाय माझा हात स्टेअरिंगवर जायचाच नाही. व्हिडिओ कॉलवर एक दिवस पोरीला तो दिसला.

"बाबा, हे काय? हे किती दिवसांपासून आहे?"

"पह्यल्या दिवसापासून."

"सतत? एकाच जागी? अहो, याचाच तर डाग पडतो म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"देवीचा कायचा डाग?"

तिने मला एक सपाट राखाडी चित्र उघडायला लावलं, पूर्ण पडदाभर. आणि तिथे कोपऱ्यात ती होती. फोटो काढून टाकलेला, तरी मुकुटाची कड, चौकटीचा चौकोन, सगळं पुसट पुसट उमटलेलं. पोरीने कपाळाला हात लावला. पण तिला एक कोडं पडलं. एवढ्या लवकर इतका ठळक डाग पडायला नको होता. काम झाल्यावर मॉनिटर झोपला, की तो स्वतःच आतून टिपके साफ करतो, काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ एक बारका दिवा लुकलुकतो. "साफसफाई होते ना रोज?" तिने विचारलं. मी म्हटलं, लुकलुकणारा दिवा मी कधी पाहिलाच नाही.

तेव्हा उलगडा झाला. माझी बायको खोलीतून जाताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद केल्याशिवाय जात नाही. पंखा असो, टीव्ही असो, मोबाईलचा चार्जर असो. आकाशात ढग असला तर दोनदा तपासते. मी मॉनिटर झोपवून उठलो, की ती मागून येऊन बोर्ड बंद करायची. बिचाऱ्याची एकदाही सफाई झालेली नव्हती. माझं डोकं सटकलं. एवढ्या महागाची वस्तू, आणि हिने तिला श्वास घेऊ दिला नाही, वगैरे बरंच बोललो.

ती शांतपणे मिरच्यांचे देठ खुडत होती. "मले काय माहीत, झोपल्यावर ते आंघोळ करते म्हून? तुम्ही सांगतलं का मले?"

सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती बोर्डाला हात लावायच्या आधी त्या बारक्या दिव्याकडे पाहायला लागली. पोरीने पडद्यावरचं चित्र थोडं थोडं सरकत राहायची सोय चालू केली, कॉम्प्युटरची खालची कायम दिसणारी पट्टी लपवली, आणि रोजच्या सफाईने डाग बराच फिका झाला. पूर्ण गेला नाही. पोरगी म्हणाली, आता फोटो काढा. मी नाही म्हटलं. तिने सुचवलं, दर पाच मिनिटांनी तो जागा बदलेल असं करून देते. मी म्हटलं, देवी काय गस्त घालते? शेवटी मी एवढंच मान्य केलं की फोटो अगदी मंद करायचा. तो मी समईच्या शेवटच्या उजेडाइतका मंद केला आणि जागेवर ठेवला. मॉनिटर खराब झाला तर होऊ दे. मला त्याच्यात जन्म काढायचा नव्हता, त्याच्यातून बाहेर रस्त्यावर यायचं होतं, आणि तिथपर्यंत मी देवीशिवाय येणार नव्हतो.

हात सुधारायला लागले तशी पोरीने विचारलं, "बाबा, जनावर टाकू का?" रस्त्यावर कुठेही, केव्हाही जनावर आडवं येईल, अशी भर त्या गेममध्ये घालता येते म्हणे. मी म्हटलं, टाक. पहिल्यांदा ते आलं तेव्हा मी खुर्चीसकट मागे पडलो. नकली पाय निसटून कॉटखाली गेला. बायको धावत आली, मला उठवलं, पाय काढून दिला आणि परत गेली. दुसऱ्या खेपेला मी डोळे मिटले. मग डोळे उघडे राहिले, पण स्टेअरिंग वळलं आणि गाडी शेतात. मग स्टेअरिंग सरळ राहिलं, पण ब्रेक उशिरा लागला. मी रोज बसायचो. हरभरा सोंगून झाला, ऊन वाढलं, टिनाखाली भट्टी झाली, अंगातून धारा लागायच्या. मी उठलो नाही. रोह्याला एकदा तरी हरवायचं होतं, निदान पडद्यावर.

आणि या पडद्याची एक गोष्ट सांगतो. जुन्या मॉनिटरवर जनावर आधी राखाडी ठिपक्यासारखं दुरूनच दिसलं असतं. इथे तसं नाही. आधी काहीच नाही, मग काळ्यातून दोन डोळे, आणि डोळ्यांमागून अंग. खऱ्या रस्त्यावर अगदी असंच होतं. मी त्या दोन डोळ्यांची वाट पाहायला शिकलो.

एके दिवशी बाजार नव्हता. दुपारची भांडी झाली आणि मी बायकोला म्हटलं, "ये. बस." तिला कळलं. तिने हात पुसले, तेलाचा रिकामा डबा आणून माझ्या डाव्या बाजूला पालथा घातला आणि त्यावर बसली, पुढच्या सीटवर बसावं तशी. मी फटीत पोती कोंबली. देवीला हात जोडले. गाडी निघाली.

बराच वेळ काहीच आलं नाही. नुसता रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काळोख. ती अगदी सरळ बसली होती. मी तिच्याकडे पाहत नव्हतो, पण तिचा श्वास ऐकू येत होता.

"येत नाई वाटते आज," ती म्हणाली.

आणि दोन डोळे आले. हिरवट, डाव्या अंगाला. मी दांडी ढकलली, म्हणजे स्टेअरिंगमागची ती पाती दाबली, आणि स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं. वळवलं नाही. गाडी घसटत थांबली. ते जनावर हेडलाईटच्या उजेडात उभं राहिलं, इकडे तोंड करून, आणि मग सावकाश पलीकडे गेलं. माझे हात थरथरत होते, पण जागेवर होते. मी खाली पाहिलं. बायकोने दोन्ही पाय जमिनीत रोवले होते, ब्रेक मारल्यासारखे, आणि तिच्या पायाखालची चटई गोळा होऊन पुढे सरकली होती.

"परत," ती म्हणाली.

परत चालवलं. परत आलं, या वेळी उजवीकडून, वळणावर. परत थांबलो. ती पुन्हा म्हणाली, "परत." मला राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही असंच केलं असतं. मी चालवत राहिलो, तिचं समाधान होईपर्यंत, आणि माझा सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी तिने पदराने स्वतःचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बस."

मी मॉनिटर झोपवला. खोलीत काळोख झाला. सवयीने तिचा हात बोर्डाकडे गेला आणि मधेच थांबला. खाली तो बारका दिवा लुकलुकत होता.

"कितीक वेळ लागते त्याले?"

"लागते थोडा."

"लागू द्या."

आम्ही दोघं तसेच अंधारात बसून राहिलो. माझे हात मांडीवर होते आणि आता थरथरत नव्हते. दिवा लुकलुकायचा थांबला तेव्हा तिने उठून बोर्ड बंद केला, फटीतली पोती काढली आणि आत गेली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली असेल. आतून डब्यांचा आवाज आला. ती हळदीचा मोठा डबा काखेत धरूनच बाहेर आली, ज्यातली हळद ती कधी विकत नाही, घरच्यासाठी ठेवते. माझ्यासमोर बसली, कोपरापर्यंत हात डब्यात घातला आणि आतून काहीतरी वर काढलं.

पितळी चौकट होती. काच एका कोपऱ्यात तडकलेली. लाल बल्बची वायर तुटून लोंबत होती. सगळं हळदीने पिवळं झालेलं.

"फुटली नव्हती," ती म्हणाली. "मीच ठेवली होती. तुम्ही परत गाडीचं नाव काढू नये म्हून." तिने पदराच्या टोकाने काच पुसली, मुकुट पुसला, चेहरा पुसला आणि देवी माझ्या हातात दिली.

"त्या टीव्हीवरची काढा आता. हे गाडीत लावा. बजाराच्या दिवशी मी पुढं बसन, पोतं मांगं ठेवू."